मानाच्या जीपचा पुढचा एक्सल

देवीचा मुकुट पडला, तिथून हे सगळं लचांड सुरू झालं.

शिरढोणच्या पुढे हायवे सोडून आत वळलं की कमळाकरचं गाव. तिथली कातळाई देवी दर चैत्रात खालच्या देवळातून टेकडीवरच्या आपल्या मूळ ठाण्यावर जाते, आणि तिला नेण्याचा मान कमळाकरच्या घराचा. पूर्वी बैलगाडी होती. बैल गेले तेव्हा कमळाकरच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, मागे हौदा असलेली एक फोर-व्हील ड्राइव्ह जीप घेतली. अण्णा गेले, जीप राहिली. गेल्या चैत्रात टेकडीच्या पहिल्याच वळणावर तिची पुढची चाकं थडथडायला लागली. स्टिअरिंगने कमळाकरचे हात झिंजाडले, दात वाजले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला आणि हौद्यात बसलेल्या देवीचा चांदीचा मुकुट निसटून वेणू भगताच्या मांडीत पडला. वेणू भगत म्हणजे देवीचा पुजारी. त्याने मुकुट उचलून परत देवीच्या डोक्यावर ठेवला आणि कमळाकरकडे असं पाहिलं, जणू कमळाकरनेच मागे हात घालून तो ढकलला होता.

देवी वर पोचली, पण खाली आल्यावर बैठक बसली. गावात बैठक बसली की काहीतरी ठरवूनच उठते, नाहीतर चहाचं सार्थक होत नाही. ठरलं असं, की पुढच्या चैत्रात जीप धड चढली तर ठीक, नाहीतर मान भावकीत पुढच्या घराकडे जाईल. पुढचं घर म्हणजे मितेशचं.

मितेश हा कमळाकरचा चुलतभाऊ. इमारती बांधतो, आणि बंगल्यासमोर त्याची एक काळी, अंगापिंडाने भरलेली नवी कोरी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी उभी असते. दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. कारण एक फ्लेक्स. जत्रेच्या फ्लेक्सवर मितेशने स्वतःचा फोटो देवीच्या खालोखाल मोठा छापला होता आणि मानकरी असलेल्या कमळाकरचा फोटो शुभेच्छुकांच्या रांगेत, ओळखपत्रावर असतो तेवढा. त्यातही बॅनर बांधणाऱ्याने नेमकी गाठ त्याच्या तोंडावर मारली. जत्राभर लोकांना कमळाकरचे फक्त कान दिसले. माणूस पुष्कळ गोष्टी विसरतो, पण ही कशी विसरणार?

तर मान मितेशकडे जाणार, या विचाराने कमळाकरची झोप उडाली. त्याचं कारण त्याने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. विमा कंपनीच्या ऑफिसात त्याला उभ्या आयुष्यात कुणी उठून खुर्ची दिली नाही. रोडपालीच्या सोसायटीत लोक त्याला फ्लॅट नंबरने ओळखत. वर्षातून एकच दिवस असा, की तो पुढे असतो आणि अख्खं गाव त्याच्या मागून चालतं. त्या दिवशी त्याला अण्णा शेजारच्या सीटवर बसलेत असं वाटे. तो दिवस गेला असता तर उरलेल्या वर्षाचं त्याने करायचं काय?

कळंबोलीच्या गॅरेजवाल्यांनी जीपखाली वाकून पाहिलं आणि निदान केलं. पुढचा एक्सल, म्हणजे पुढच्या दोन चाकांमधला सगळा लोखंडी बाडबिस्तरा, पूर्ण खलास. बेअरिंगं वाजतात, बुश झिजलेत, गाडीचा भार घेणारे कमानीसारखे पाटे बसलेत. सगळं खोलून नव्याने बांधायला हवं, आणि इतक्या जुन्या गाडीला हात लावायला आपल्याला फुरसत नाही. एकाने भंगारवाल्याचा नंबर दिला. कमळाकरने तो घेतला नाही. आजारी माणसाच्या नातेवाइकाला कुणी स्मशानाचा पत्ता देतं का, असं तो शशिकलाला घरी येऊन म्हणाला. शशिकला त्याची बायको. ती म्हणाली, माणूस फार म्हातारा असला तर देतातही.

मग वहाब मदतीला धावून आला. वहाब तळमजल्यावर राहायचा. उमेदीची सगळी वर्षं मस्कतच्या गॅरेजात काढून तो परत आला होता, पण त्याची जीभ अजून तिकडेच होती. पाऊस आला तरी मस्कतला कसा येत नसे, हे तो सांगायचा. जीपखाली एकदा शिरून तो बाहेर आला तो हसतच. "कमळाकरभाई, मस्कतला असले एक्सल मी नाश्त्याच्या आधी खोलायचो. वाळवंटातल्या गाड्या या! गॅरेज कशाला पायजे? इथेच पार्किंगमध्ये खोलू, इन्शाल्ला पंधरवड्यात देवी वर!"

चैत्र उलटून नुकताच वैशाख लागला होता, त्यामुळे पंधरवड्याची कुणालाच घाई नव्हती.

जीप चिऱ्यांवर चढवली, पुढची चाकं निघाली, एक्सल खाली आला आणि सोसायटीतल्या तमाम निवृत्त पुरुषांच्या आयुष्याला अर्थ प्राप्त झाला. सकाळचं फिरणं संपवून ते खुर्च्या घेऊन जीपभोवती बसू लागले. पाट्यांमध्ये एक पाटा जास्तीचा घाला, देवी जड आहे, असं एकाचं म्हणणं. जास्तीचा घातलात तर देवी उडेल, उलट एक काढा, असं दुसऱ्याचं. हे दुसरे गृहस्थ आयुष्यभर टपाल खात्यात होते, पण त्यांच्या मेव्हण्याचा ट्रक होता. कमळाकरने दोघांचंही ऐकलं. आधी एक पाटा घातला, तेव्हा जीप नाक वर करून उभी राहिली. मग काढला, तेव्हा ती नमस्काराला वाकली. शेवटी वहाबने मूळचेच पाटे कळंबोलीतून शेकून, बाक देऊन आणले आणि दोन्ही गृहस्थ म्हणाले की आम्ही हेच सांगत होतो.

घरात वेगळंच रामायण. बेअरिंगं डिझेलमध्ये धुवायला पसरट भांडं हवं म्हणून कमळाकरने माळ्यावरची परात खाली नेली. ती शशिकलाची मोदकांची उकड मळायची परात आहे, हे गणपतीत कळलं. त्या वर्षी नैवेद्याच्या ताटातून पाहुण्यांनी मोदक उचलले, तोंडाशी नेले आणि पोट भरल्याचं सांगितलं. शशिकला काही बोलली नाही. तिचं न बोलणं नवरात्रापर्यंत टिकलं.

सोसायटीचा सेक्रेटरी सत्यजीत मात्र बोलायचा. तरणाताठा, कायद्याचा भोक्ता. पार्किंग हे वाहनासाठी आहे आणि चाकं नसलेली वस्तू वाहन ठरते का, हा प्रश्न त्याने सभेत मांडला. कमळाकरने चाकं जवळच भिंतीला टेकवून ठेवल्याचं सांगितलं. त्यावर बरीच चर्चा होऊन, चाकं आणि गाडी एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात असतील तर ते वाहन धरावं, असा ठराव झाला. असा ठराव देशात दुसरीकडे कुठे झाल्याचं ऐकिवात नाही.

दिवाळीनंतर एका सकाळी कमळाकर जीपखाली उताणा पडून ग्रीस भरत होता. बाजूला दोन जोडी बूट येऊन थांबले. वर फटकन काहीतरी चिकटवल्याचा आवाज झाला. तो सरपटत बाहेर येऊन पाहतो, तर समोरच्या काचेवर लाल अक्षरांत स्टिकर: बेवारस वाहन.

"अहो, मी खाली होतो की!" कमळाकर म्हणाला.

"खाली कोण आहे ते आम्ही बघत नाही," बुटांपैकी एकजण म्हणाला, "आम्ही वरून बघतो."

आता ते स्टिकर काढायचं तर ऑफिसात जायला हवं. कुठल्या, ते सांगण्यात अर्थ नाही. सगळ्या ऑफिसांचे जिने सारखेच चढावे लागतात. खिडकीतल्या माणसाने मालकाचं नाव विचारलं. कागदावर अण्णांचं होतं. अण्णा कुठे? वारले. मग बेवारसच झाली की. कमळाकरने सांगितलं, की मी वारस आहे. वारस असाल तर गाडी चालू स्थितीत इथे आणून दाखवा. चाकं नाहीत. मग लावा. लावली तर एक्सलचं काम कसं करणार? खिडकीतला माणूस विचारात पडला आणि म्हणाला, की त्यासाठी तुम्हाला बाजूच्या खिडकीत विचारावं लागेल. बाजूच्या खिडकीत पंखा होता. माणूस नव्हता.

अण्णांचा मुलगा, आणि त्याच्यावर लाल अक्षरांत हा शिक्का! कमळाकर दोन दिवस धड जेवला नाही. शेवटी शशिकला एकटी त्या ऑफिसात गेली आणि दुपारच्या आत शिक्का मारलेला कागद घेऊन आली. तिथे ती काय बोलली, हे तिने कधी सांगितलं नाही. पण पुढे ते स्टिकर लावणारं पथक त्या गल्लीतून जाताना जीपच्या बाजूला बघतही नसे.

माघात एक्सल पुन्हा बसू लागला. एक्सलच्या मधोमध एक फुगीर भाग असतो, त्यात दातेरी चाकांचा एक मोठा गोळा असतो. इंजिनाचं फिरणं चाकांना पोचवायचं काम त्याचं. वहाबने तो साफ करून, बिस्मिल्ला म्हणून जागेवर चढवला, बोल्ट आवळले. इंजिनाकडून येणारा दांडा त्याला जोडताना जरा तिरपा लागला. कमळाकरने भीत भीत विचारलं, हे आधी असंच होतं का? वहाबने हात पुसले. "मस्कतला असंच असायचं," तो म्हणाला. इथे वाद संपला. मस्कत कमळाकरने पाहिलं नव्हतं.

आणि काय सांगावं, जीप धावली! रोडपालीपासून खांदा कॉलनीपर्यंत आणि परत. स्टिअरिंग एका बोटाने फिरत होतं. थडथड नाही, खडखड नाही. टपालवाले गृहस्थ हौद्यात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हात करत होते. खुद्द सत्यजीतने मला एक चक्कर मारून आणाल का, असं विचारलं. कमळाकरला वाटलं, आता फोर-व्हीलचा दांडाही एकदा टाकून बघू. वहाबने त्याचा हात धरला. डांबरावर फोर-व्हील कधी टाकायची नसते, गिअर तुटतात. त्याला कच्ची माती लागते. हे मात्र शंभर टक्के खरं आहे, कुणालाही विचारा. मग दोघे कच्चा रस्ता शोधत हिंडले. बेलपाड्यापर्यंत जाऊन आले. खड्डे पाहिजे तेवढे मिळाले, खणलेले रस्ते मिळाले, पण चालू असा कच्चा रस्ता मिळेना. तोवर चैत्र उजाडला.

जत्रेच्या दिवशी जीपला झेंडूच्या माळा होत्या. वेणू भगताने यंदा मुकुट दोऱ्याने बांधून टाकला होता. बेंजोचा ताफा पुढे, त्यामागे जीप, मग गाव. सगळ्यात शेवटी मितेशची काळी गाडी, धुऊनपुसून, रिकामी. तिच्या येण्याचा अर्थ लहान पोरालाही कळत होता. जीपच्या मागे वहाब नवा सदरा घालून चालत होता.

पहिलं वळण आलं. गेल्या वर्षीचं. जीप लोण्यातून सुरी जावी तशी गेली. कमळाकरला हुंदका आला, तो त्याने हॉर्न वाजवून झाकला. दुसरं वळणही गेलं. मग आली ती लाल मातीची उभी चढण. इथे अण्णा नेहमी फोर-व्हील टाकायचे. कमळाकरने देवीचं नाव घेऊन दांडा ओढला आणि क्लच सोडला.

जीप गुरगुरली. सगळ्या अंगाने थरथरली. आणि जागेवरच राहिली. त्याने अजून दाबलं, धूर निघाला, माती उडाली, पण जीप ना पुढे, ना मागे. बेंजो एकेक वाद्य करत बंद पडला.

"देवी नाय म्हनते," वेणू भगत हौद्यातून म्हणाला.

इंजिन चालूच होतं. भगताने देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलं लावली आणि कौल मागितला. उजवं फूल पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. आई, देवळाच्या नव्या फरश्या नाय आवडल्या का? उजवं पडलं. लोक चपापले. लाउडस्पीकरचा तरास झाला का? उजवं. प्रसादात डालडा व्हता का? उजवं. प्रसाद करणारे मागच्या मागे सरकले. चढणीला जीप उजवीकडे कललेली होती आणि इंजिनाच्या थरथरीने देवी सगळ्यालाच हो म्हणत होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग भगताने आवाज चढवला. दोन भाव एकमेकांशी बोलत नाय, त्याचा राग हाय का? उजवं फूल पडलं, आणि मागोमाग डावंही पडलं.

सगळं गाव मागे वळून काळ्या गाडीकडे बघू लागलं. मितेश उतरला. उन्हात घामाघूम होऊन, चढण चढून तो जीपच्या खिडकीशी आला. 

"दादा," तो म्हणाला, "तुझा फोटो मी मुद्दाम लहान छापला होता. गाठ मात्र मी नाय मारली, आईची शप्पथ."

कमळाकर काही बोलणार, तेवढ्यात दुसऱ्या खिडकीत वहाबचं तोंड आलं. पांढरंफटक.

"कमळाकरभाई, गोळा उलटा बसलाय."

त्याने कुजबुजत सांगितलं ते असं. मस्कतला गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे. त्यामुळे खालची मांडणीही इकडच्या उलट. इतकी वर्षं हाताला तीच सवय, हाताने गोळा तिकडच्यासारखा बसवला. आता फोर-व्हील टाकली की मागची चाकं वर जायला बघतात आणि पुढची खाली. म्हणून जीप जागेवर. नुसत्या मागच्या चाकांवर ती पळते, पण त्यांच्या एकट्यांच्या जोरावर ही चढण चढणार नाही.

कमळाकरने मितेशकडे पाहिलं. मितेशच्या डोळ्यांत पाणी होतं. गप्प बसावं तर लोक आता म्हणणार, दिलजमाई झाली, चालव गाडी, आणि ती हलणार नाही. आणि बोलावं तर मान गेला. त्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि सगळ्या गावासमोर सांगून टाकलं, की देवी रागावलेली नाही, कुणीही माफी मागायची गरज नाही, आमचा गोळा उलटा बसलाय. मान मितेशकडे गेला तरी चालेल, पण देवीवर खोटं नको.

भगताने विचार केला. "गोला उलटा कोनी बसवला?"

"मी," वहाब म्हणाला.

"तुज्याकडून कोनी बसवून घेतला?"

वहाबने मस्कतचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"आईने!" भगत म्हणाला. "दोन भाव एक व्हावं म्हनून आईने गोला फिरवला."

गोळा उलटा बसलाय हे कमळाकरने पुन्हा दोनदा सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या आणि देवीचा जयजयकार केला. मग गर्दीतून जनीकाकी पुढे आली. मितेशची आई, म्हातारी, काठी टेकत. तिने जीपच्या पुढच्या चाकांना काठीने टोचलं. "याची पुडची चाकां घरा चालली, मागची देवा चालली. आता बोलत काय बसल्याव? मितेश, तुजी गाडी पुडे लाव आनि वड त्याला."

कुणीतरी विहिरीचा दोर आणला. काळी गाडी पुढे आली. दोर बांधला. कमळाकरने फोर-व्हीलचा दांडा परत काढला. मितेशने वळून, दादा, क्लच सोडू का, असं विचारलं, कमळाकरने सोड म्हटलं, आणि मानाची जीप मागून आपल्या दोन चाकांचा जोर लावत टेकडीवर गेली. वाटेत मितेश सारखा काच खाली करून विचारत होता, ताण येतोय का, हळू घेऊ का, आणि दोन वर्षं न बोललेले दोघे चढणभर बोलत राहिले. देवी वर पोचली. मान कुणाकडे राहिला, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

पण कमळाकरच्या मनात ते राहिलंच. ओढत नेलेला मान हा काय मान झाला? खाली आल्यावर त्याने आणि वहाबने सगळं पुन्हा खोललं. गोळा सरळ केला, इकडच्यासारखा. वर्षभर कमळाकर रविवारी एकटाच जाऊन ती लाल चढण चढत असे. जीप बकरीसारखी चढायची. थांबवून पुन्हा चढवली, तरी चढायची. इतकी धड ती अण्णांच्या हातीही नव्हती.

पुढच्या चैत्रात तो नवी टोपी घालून जीप घेऊन देवळासमोर गेला. तिथे मितेशची काळी गाडी आधीच उभी होती. तिच्या मागच्या हुकाला दोर होता, दोराला झेंडूच्या माळा गुंडाळलेल्या. वेणू भगत दोराला हळदकुंकू लावत होता.

कमळाकर म्हणाला, यंदा दोर नको. जीप एकदम तयार आहे, आपली आपण चढते, हवं तर आत्ता दाखवतो.

"चढत आसंल," भगत म्हणाला. "पन आईला दोन भावांनी न्यायचं. तशी प्रथा हाय."

"कधीपासून?"

"पयल्यापासून."

कमळाकरने मितेशकडे पाहिलं. मितेश गाडीच्या खिडकीतून बाहेर वाकून वाट बघत होता. अख्खं गाव वाट बघत होतं. दोराची गाठ मारायला जनीकाकी स्वतः खाली बसली होती. उभ्या पनवेल तालुक्यात इतका निर्दोष पुढचा एक्सल दुसरा नव्हता, आणि त्याचं आता काहीच काम नव्हतं.

"दादा, सोडू का?" मितेशने विचारलं.

कमळाकर जीपमध्ये बसला. त्याने इंजिन बंद केलं, गाडी न्यूट्रलला टाकली आणि हँडब्रेक खाली केला.

"सोड," तो म्हणाला, "पण हळू घे."